उशाकडची भिंत

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तुला भिंतीवरचा डाग मोजायला लावला तेव्हा पोरीला वेड लागलं असंच तुला वाटलं असणार. तरी टेप लावून ‘गादीपासून 27 इंच’ सांगितलंस, आणि पुढे अर्धा तास, तीनदा रंग दिला तरी तो डाग कसा वर येतो ते. मला तेवढंच माप हवं होतं. बाबा, सकाळी पेपर वाचताना तुमचं डोकं कुठे टेकतं, ते खोबरेल तेलानं इतकी वर्षं भिंतीवर लिहून ठेवलंय.

तर या वेळी याल तेव्हा तुमच्या खोलीत पलंगाला टेकायला पाठ असेल. गेल्या खेपेला गार भिंत आणि घसरणाऱ्या दोन उशा. तुम्ही बोलला नाहीत काही, पण तिसऱ्या दिवसापासून पेपर बाहेर सोफ्यावर वाचायला लागलात.

पाठ मीच केली. 5 फूट बाय 3 फुटांची 12 मिलीमीटरची प्लाय, वर 2 इंची फोम आणि त्यावर (आई, ओरडू नकोस) तू दिलेली सोलापुरी चादर. दुकानात मखमल दाखवत होते, पण मखमलीला टेकून पेपर वाचणारे बाबा काही डोळ्यांसमोर येईनात. चादर एकदम छान बसली म्हणावं तर तसंही नाही. तिच्यावर नक्षीचे पट्टे, त्यामुळे कापड जरा तिरकं ओढलं की लगेच कळतं. मी एका कोपऱ्यापासून स्टेपल मारत गेले आणि शेवटी पट्टा दीड इंच खाली. सगळ्या पिना पेचकसानं उपटल्या. मग चारही बाजूंना आधी मधोमध पिना, तिथून दोन्हीकडे, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. एवढं शहाणपण यायला एक अख्खा शनिवार गेला.

खरी फजिती भिंतीनं केली. आपल्या घरच्यासारखी विटांची भिंत नाही ही. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची आहे, खडूहून जरा घट्ट. तुम्ही छिन्नीनं भोक पाडून सागाची गुल्ली ठोकायचात आणि तिच्यात स्क्रू पिळायचात. आजोबांचा फोटो अजून त्यावर लटकतोय. इथे मी ड्रिल हॅमरवर ठेवून साधी गिट्टी (भोकात स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) बसवली, स्क्रू पिळला, तर गिट्टीच गरागरा फिरायला लागली. बोटभर भोकाचा वाटीएवढा खड्डा झाला. तो भरून घेतला. मग हॅमर बंद करून, नुसत्या फिरत्या ड्रिलनं नवी भोकं पाडली आणि असल्या ब्लॉकसाठी मिळतात त्या 4 इंची नायलॉनच्या गिट्ट्या घातल्या, एकूण 6. स्विचबोर्डच्या सरळ वरची जागा सोडली, वायरींचा पाइप तिथूनच वर जातो.

पाठ सरळ भिंतीत ठोकलेली नाही, टांगली आहे. लाकडाची एक पट्टी मधून लांबीला 45 अंशात तिरकी चिरली. एक भाग भिंतीवर, तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती. दुसरा पाठीच्या मागे, उलटा. पाठ उचलून वरून सोडली की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात, आणि वजनानं पाठ उलट भिंतीकडेच ओढली जाते. खाली तेवढ्याच जाडीची एक पट्टी लावलीय, नाहीतर टेकल्यावर खालची बाजू आत गेली असती. वजन साडेपंधरा किलो. पाठ कवटाळून काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं (माझं किती ते विचारू नका). खालची कड गादीच्या 4 इंच खाली घेतलीय, म्हणजे फटीत उशी जायची नाही. गादीच्या वर 32 इंच उरतात, डागाहून 5 जास्त.

आई, येताना तुझा क्रोशाचा मोठा रुमाल आण, खुर्चीच्या पाठीवर घालायचीस तो. चादर पिनांनी ठोकलेली आहे, धुवायला निघणार नाही, आणि बाबा तेल काही सोडणार नाहीत.

आणि बाबा, तुमची पाणसळ आणा. मी मोबाइलवर बघून बसवलंय, त्यात सरळ दिसतं. पण दारातून पाहिलं की डावी बाजू सूतभर खाली वाटते. हे म्हणतात मला भास होतोय.

तुमची,
धाकटी