दादा, पॅनेल नको, चुना पाठव

प्रिय दादा आणि वहिनी,

आई-बाबांना नमस्कार, पिल्लाला पापा. मी शारजात मजेत आहे. इथली दुपारी साडेबारा ते तीनची उन्हातल्या कामाची बंदी १५ सप्टेंबरला संपली, त्यामुळे साईटवर एकदम गडबड सुरू झालीये आणि फोन झाला तरी तू गाडीत असतोस नि मी कुठल्यातरी मजल्यावर, अर्धं बोलणं राहूनच जातं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तू म्हणालास ना की भवानी पेठेतून पीव्हीसी पॅनेल होलसेलला उचलायचे, त्यात ते पातळ स्टोन शीट टाकायचे, आणि जागा उरली तर आपलं चुन्याचं प्लास्टर भरायचं नि एक कंटेनर शारजाला पाठवायचा. माझं स्पष्ट मत सांगू का, पॅनेल नकोच. पिरंगुटच्या शेडमध्ये तू जे पर्लाइट (भाजून फुगवलेला हलका खडक) घातलेलं चुन्याचं ड्राय मिक्स, म्हणजे प्लास्टरची कोरडी पावडर, बनवतोस तोच आपला माल आहे आणि इथल्या भिंतींना तेच लागतं.

आधी भिंतीचं समजून घे. आपल्याकडे ओल म्हटलं की पावसाळ्यात बाहेरून पाणी झिरपतं नि पोपडे सुटतात. इथे पाऊस नावालाच, पण समुद्रकाठची हवा उन्हाळ्यात इतकी दमट असते की विचारू नकोस. सौदीतल्या दहरानला ८ जुलै २००३ ला दवबिंदू ३५ अंशावर गेला होता, म्हणजे ३५ अंश किंवा त्याहून थंड कुठल्याही गोष्टीवर त्या हवेतलं पाणी जमणार. तो विक्रम सोड, पण ऑगस्टमध्ये २८-३० तर नेहमीचंच. आणि आत एसी लावून भिंत २२-२४ वर ठेवलेली. मग बाफ बाहेरून आत यायला बघते, भिंतीतून हळूहळू येते आणि आतल्या थंड बाजूला पोचली की तिथे पाणी होतं. आता त्याच आतल्या बाजूला तू पीव्हीसी पॅनेल किंवा व्हिनाइल वॉलपेपर चिकटवलास तर भिंतीला रेनकोट घातल्यासारखं होतं, बाफ बाहेर पडायला वाटच नाही. वरून चकाचक दिसतं आणि मागे काळी बुरशी. आम्ही एका हॉटेलच्या रिनोव्हेशनला वॉलपेपर सोलला तेव्हा मागचं जिप्सम बोर्ड बोटाने दाबलं तरी आत जात होतं आणि वास तर असा की मजूर बाहेर येऊन उभे राहिले. चुन्यातून बाफ आरपार जाते, आणि ताजा चुना इतका अल्कलाइन असतो की बुरशीला तिथे राहणं अवघड जातं. हे एवढं जरी तू नीट समजावू शकलास ना गिऱ्हाईकाला, तरी अर्धं काम झालं.

पॅनेलचं दुसरं दुखणं म्हणजे पसरणं. ३ मीटरची पीव्हीसी पट्टी ४० अंशांच्या फरकाला साधारण ८ मिलिमीटर वाढते, मागचं काँक्रीट जेमतेम १ मिलिमीटर. एसी बंद असलेल्या फ्लॅटमध्ये, पश्चिमेच्या भिंतीवर, जून-जुलैमध्ये काय होत असेल बघ, सांधे फुगतात आणि पट्ट्या कमानीसारख्या वर येतात.

आणि आग. दादा, याला इथे फार म्हणजे फार महत्त्व आहे. ३१ डिसेंबर २०१५ ला दुबईतल्या अॅड्रेस हॉटेलला आग लागली ती तू टीव्हीवर बघितली असशील, नंतर मे २०२० मध्ये आमच्या शारजात अल नहदामधला टॉवर पेटला. बाहेरच्या क्लॅडिंगवरून, म्हणजे भिंतीवर लावलेल्या आवरणावरून, आग सरसर वर चढते. त्यानंतर नियम खूप कडक झाले, सिव्हिल डिफेन्सच्या (इथलं अग्निशमन खातं) मंजुरीशिवाय माल भिंतीला लागत नाही, आणि आतल्या कॉरिडॉर-जिन्याच्या फिनिशिंगलासुद्धा आग नि धुराची टेस्ट मागतात. पीव्हीसी जळलं की त्यातल्या क्लोरिनमुळे आम्लाचा धूर होतो. ते पातळ स्टोन शीट दिसायला दगड, पण मागे रेझिन आणि फायबर ग्लास, म्हणजे पुन्हा टेस्ट नि पुन्हा प्रश्न. आपला चुना, पर्लाइट, वाळू यातलं काहीच जळत नाही. फक्त तू चिकटपणासाठी जी पॉलिमर पावडर घालतोस ना ती मोजून घाल. युरोपच्या नियमात सेंद्रिय पदार्थ १ टक्क्याच्या आत असेल तर चुना, जिप्सम, पर्लाइट असल्या मालाला टेस्ट न करताच सगळ्यात वरचा ए-१, म्हणजे न जळणारा, वर्ग मिळतो. इथे तरीही लॅबचा रिपोर्ट लागेलच, पण आपण त्या हद्दीत राहिलो तर घाबरायचं कारण नाही. माझं म्हणणं, बॅचला १ टक्का कधीही ओलांडू देऊ नकोस, भले थोडं कमी चिकटू दे.

तू विचारलंस, मग जिप्सम का नाही. कोरड्या खोलीला जिप्सम उत्तमच, भाजायलाही १५० अंशांच्या आसपास पुरतात म्हणून इंधन कमी जातं, पण शेजारच्या ओमानमध्ये जिप्समच्या खाणीच खाणी आहेत, ते जगभर पाठवतात, त्यांच्या दारात आपण जिप्सम घेऊन कशाला जायचं? शिवाय ते सतत ५० अंशांच्या वर तापलं तर त्यातलं पाणी सुटायला लागतं.

वजनाचा हिशोब मी काल रात्री मांडला, तू तपासून बघ. २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट एका चौरस फुटाला ५ किलो पडतो. २० फुटी कंटेनरमध्ये २२ टन धरले तर साधारण ४४०० चौरस फूट. तुझ्या मिक्सची घनता घनमीटरला ८०० किलो धरली आणि १० मिलिमीटरचा थर दिला तर चौरस फुटाला पाऊण किलो, म्हणजे त्याच कंटेनरमधून २९ हजार चौरस फुटांच्या जवळपास भिंत झाली, आणि जागाही जवळजवळ पूर्ण भरते, रिकाम्या हवेचं भाडं द्यावं लागत नाही. इथे जुन्या इमारतींचं रिनोव्हेशन खूप चालतं आणि आतल्या पार्टिशन पत्र्याच्या फ्रेमवरच्या बोर्डाच्या, त्यावर चौरस मीटरला ५४ किलोचा दगड कोण टांगणार.

पण एक अडचण आहे आणि ती तुलाच सोडवायचीये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. इथे थर दिला की कंत्राटदार लगेच एसी सोडतो, एसीची हवा कोरडी, दोन दिवसांत वरून वाळतं आणि हात फिरवला की पांढरी भुकटी. तुझ्या मिक्समध्ये सुरखी वाढव. जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटेची भुकटी घालायचे तेच, ती असली की चुना हवेवर अवलंबून न राहता पाण्यातही घट्ट होतो. ओमानमध्ये भाजलेल्या मातीचा असाच माल, सारूज म्हणतात, त्यावर त्यांचे फलज म्हणजे पाण्याचे पाट शतकानुशतकं उभे आहेत. त्यामुळे हे इथल्या लोकांना परकं नाही, जुन्या दुबईत अल फहिदीला प्रवाळाच्या दगडाच्या भिंती नि वाऱ्याचे मनोरे बघताना आई किती वेळ हात लावून उभी होती, आपल्या कसब्यातल्या वाड्यासारखं गार लागतंय म्हणाली. तर सुरखी वाढव आणि बॅगेवर ठळक छाप, पाणी किती, थर किती, किती दिवस फवारा मारायचा, एसी कधी लावायचा. इंग्रजी नि अरबीबरोबर हिंदी आणि उर्दूतही छाप, कारण थापी हातात धरणारा माणूस बहुतेक बिहारचा नाहीतर पेशावरचा असतो.

पॅकिंगचं वहिनी बघतात ना, त्यांना सांग, आतून प्लास्टिकचं लायनर पाहिजेच. न्हावाशेवाला पावसाळ्यात भरलेला कंटेनर बंद होतो तेव्हा आत दमट हवाच बंद होते, रात्री पत्रा गार झाला की पाणी सुटून मालावर पडतं, चुन्याच्या गोण्यांना गाठी झाल्या की कोणी घेत नाही. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा, आणि लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का बघून घ्या, तो नसला तर बंदरातच अडकतं.

कागदांचं थोडक्यात. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे, एरवी ५ टक्के ड्युटी असते ती आपल्या बऱ्याच मालावर माफ होते, पण त्याला माल भारतातच बनल्याचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं. हेही पॅनेल नको म्हणण्याचं कारण, बाहेरून आलेला माल आपण फक्त पॅक करून पाठवला तर तो भारतीय ठरत नाही. एचएस कोड म्हणजे कस्टमचा मालाच्या वर्गाचा नंबर, त्यात नुसता चुना २५२२ मध्ये, तयार मॉर्टर ३८२४ मध्ये, तेव्हा सीएचएला, म्हणजे कस्टमच्या एजंटला, बसवून एकदा तो पक्का कर आणि मग इनव्हॉइसपासून शिपिंग बिलापर्यंत तोच ठेव.

पैशाच्या बाबतीत मात्र कोणाच्याही गोड बोलण्याला भुलू नकोस. इथे नव्वद-एकशेवीस दिवसांचे पुढच्या तारखेचे चेक देण्याची पद्धत आहे. पहिल्या ऑर्डरला अर्धे आगाऊ आणि उरलेले पैसे मालाचे कागद बँकेतून सुटताना, नाहीतर एलसी, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बँकेची पैशाची हमी. उधारी द्यायचीच वेळ आली तर ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीची उधारी बुडाली तर भरपाई देणारा, विमा काढ, त्यासाठीच ती सरकारी कंपनी १९५७ पासून आहे. बाबांनी आयुष्यभर जपलेल्या पैशावर हे चाललंय, मला रात्री त्याचीच काळजी वाटते.

आणि हो, नुसतं हिरवं पान छापून पर्यावरणपूरक म्हणायचं नाही. अबूधाबीत २०१० पासून एस्टिडामाचं पर्ल रेटिंग, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक ते ठरवणारी पद्धत, आहे, दुबईचे स्वतःचे नियम आहेत, आर्किटेक्ट ईपीडी, म्हणजे मालाच्या पर्यावरणावरच्या परिणामाचा आकड्यांतला दाखला, मागतात. आपल्याकडे सांगण्यासारखं खरंच आहे, सिमेंटचं क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे खडे, १४५० अंशांला भाजतात, चुना ९०० ला, आणि भट्टीत सोडलेल्या कार्बनपैकी बराचसा भिंतीवर घट्ट होताना परत घेतो. पण ते आकड्यांत, कागदावर पाहिजे. कटनीहून चुना येतो त्या भट्टीला इंधन काय वापरता हे आत्ताच लेखी विचारून ठेव.

नोव्हेंबरअखेर दुबईत बिग फाइव्ह प्रदर्शन भरतं, तेव्हा ये, राहायला माझ्याकडेच. त्याआधी नवरात्र संपायच्या आत दहा-बारा गोण्या एअरने पाठव, खर्च मी करते. आमच्या साईटवर एक पश्चिमेची खोली रिकामी आहे, इंजिनिअरशी बोलून ठेवलंय, अर्ध्या भिंतीला जुनं मिक्स नि अर्ध्या भिंतीला सुरखी वाढवलेलं असं लावून देतील. वहिनींनी केलेल्या रंगांपैकी फिकट वाळूचा आणि पांढरा एवढेच पाठवा, गडद रंग इथे बाहेरच्या भिंतींना चालत नाहीत, फार तापतात. प्रत्येक गोणीवर बॅच नंबर आणि भरल्याची तारीख लिही, विसरू नकोस.

आईचा गुडघा कसा आहे ते मात्र फोनवरच सांग, रविवारी करते.

तुझी,
छोटी