आमरीचे ठिकाण झाका, तारीख नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वनस्पतिसंग्रहालयांतील जुने नमुने संगणकावर आणून सर्वांसाठी खुले करण्याचे काम जगभर चालू आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. रानटी आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, नोंदींत मात्र एक गफलत वारंवार दिसते. तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

चोरट्या व्यापाराच्या भीतीने दुर्मीळ आमरींचे नेमके ठिकाण नोंदीच्या रकान्यातून वगळले जाते. पण त्याच नोंदीला जोडलेल्या छायाचित्रात वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदाच्या, म्हणजे शीटच्या, कोपऱ्यातले लेबल जसेच्या तसे वाचता येते: अमक्या गावापासून इतके मैल, ओढ्याच्या डाव्या काठाला, उंची इतके फूट. दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवावी, तसा हा प्रकार आहे. भीती अनाठायी नाही. ‘पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स’ ही आमरी १९९९ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच वेचणाऱ्यांनी ती रानातून जवळजवळ नाहीशी केली.

मला अधिक खटकते ते याच्या उलट टोक, म्हणजे सावधगिरीच्या नावाखाली तारखेसकट सगळी नोंदच दडवणे. इंग्लंडमधील ‘ऑफ्रिस स्फेगोडेस’ ही आमरी एकट्याने राहणाऱ्या एका रानमधमाशीच्या मादीचे रूप आणि गंध घेऊन नराला फसवते व परागण साधते. तिचे १८४८ ते १९५८ या काळातील वाळवलेले नमुने आणि १९७५ ते २००६ मधील प्रत्यक्ष निरीक्षणे ताडून पाहिल्यावर असे दिसले, की वसंतातले तापमान एक अंशाने वाढले की फुलोरा सुमारे सहा दिवस अलीकडे येतो. पुढे त्या रानमधमाश्यांचे जुने नमुनेही तपासले, तेव्हा तेवढ्याच एका अंशामागे नर सुमारे नऊ आणि माद्या सुमारे पंधरा दिवस अलीकडे बाहेर पडतात असे आढळले. खरी मादीच आधी हजर झाली, तर फुलाच्या सोंगाला कोण भुलणार? एवढे सगळे कळायला तारीख आणि ढोबळ प्रदेश पुरला. ओढ्याचा काठ लागला नाही.

लेबले वाचून नोंदी उतरवण्याचे काम मी काही काळ केले आहे. आमरीचे मांसल फूल दाबले की तपकिरी पडते, ओठाची पाकळी चपटी होऊन घडीत अडकते, आणि ‘ताजे असताना हिरवट पांढरे, संध्याकाळनंतर सुवास’ एवढ्या शाईच्या ओळीतच ते फूल काय ते उरते. घाईत नेमकी हीच ओळ उतरवायची राहते.

तेव्हा दुर्मीळ जातींच्या छायाचित्रात लेबलावरील ठिकाणापुरता मजकूर धूसर करावा, तारीख, संग्राहकाचे नाव, क्रमांक आणि शेरा खुला ठेवावा, आणि अभ्यासकाने लेखी मागणी केल्यास पूर्ण नोंद द्यावी. कायमचे कुलूप नको. जर्मन आमरीतज्ज्ञ राइखेनबाख यांनी १८८९ मध्ये मृत्युपत्राने आपला आमरींचा प्रचंड संग्रह व्हिएन्नाच्या संग्रहालयाला दिला तो पंचवीस वर्षे बंद ठेवण्याच्या अटीवर, आणि त्यांनीच नावे दिलेल्या असंख्य जातींचे अस्सल नमुने, म्हणजे ज्यांवरून ती नावे ठरली ते, तेवढा काळ कोणाला पाहता आले नाहीत.

एक अडचण तरीही उरते. एकाच वेळी गोळा केलेल्या नमुन्याच्या जोडप्रती, त्याच क्रमांकाने, निरनिराळ्या संग्रहालयांत पाठवलेल्या असतात. एकाने झाकलेले ठिकाण दुसऱ्याच्या शीटवर उघडे दिसत असेल, तर झाकणाऱ्याचे श्रम वाया जातात. म्हणून कोणत्या जाती झाकायच्या, हे संग्रहालयांनी आपसांत मिळूनच ठरवायला हवे.

आपला,
एक वाचक