पाहुण्यांच्या गाड्यांसाठी आवारात दोन जागा राखून ठेवण्याबाबत

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
माननीय अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्थेची व्यवस्थापक समिती,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

विषय : पाहुण्यांच्या चारचाकीसाठी दोन जागा राखून ठेवणे आणि हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे घेणे.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी, १ सप्टेंबरला, आमच्याकडे गौरीपूजन होते. पुण्याहून माझ्या नणंदबाई आल्या होत्या. त्यांचे वय ७६, दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. भाच्याने त्यांना फाटकाशी उतरवले आणि गाडी आत घेऊ लागला, तर वॉचमनने फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवले : ‘पाहुण्यांची वाहने आत आणू नयेत.’ वॉचमनला मी बोल लावत नाही. त्याला जे सांगितले आहे ते तो करतो, आणि सांगताना त्याचाही चेहरा उतरला होता.

भाचा गाडी घेऊन फिरत राहिला. राम मारुती रोड, गोखले रोड, घंटाळी, पुन्हा राम मारुती रोड. एका ठिकाणी जागा दिसली, पण त्या तारखेला त्या बाजूला गाडी लावायची नव्हती. समतारखेची बाजू कोणती आणि विषमची कोणती हे पुण्याच्या माणसाला कळणार कसे? शेवटी गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळात गाडी लावून तो रिक्षाने परत आला, तेव्हा पावणेदोन वाजले होते. नैवेद्य दाखवून झाला होता. वन्सं पानावर बसल्या नव्हत्या, ‘तो येऊ दे’ म्हणत दाराकडे बघत बसल्या होत्या.

साहेब, मी त्या वेळात खाली उतरले होते. सोमवार, भर दुपार, माणसे कामावर गेलेली. आपल्या आवारात चारचाकीच्या नऊ जागा रिकाम्या होत्या. मी दोनदा मोजल्या. एका गाडीला तीन तासांसाठी त्यातली एकही देता आली नाही, ही गोष्ट मला आठवडाभर टोचते आहे. निघताना वन्सं म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बघू गं, जमलं तर.” अडतीस वर्षांत त्यांनी एकदाही असे म्हटले नव्हते.

१९८७ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आवारात स्कूटर होत्या आणि दोनच फियाट. पाहुणे स्टेशनवरून चालत यायचे. आज तेच पाहुणे सत्तरीपुढचे आहेत. लोकलची गर्दी त्यांना झेपत नाही, पुलाचे जिने चढवत नाहीत, म्हणून मुले त्यांना गाडीतून आणतात. चैनीसाठी कोणी गाडी घेऊन नौपाड्यात येत नाही, इथले रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत.

आणि पाहुणे म्हणजे सणावाराला येणारेच नव्हेत. माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येत होती. तिची स्कूटी बाहेर रस्त्यावरून दोन वेळा टोइंगवाल्यांनी उचलली. दंड भरायचा, गाडी सोडवायला रिक्षाने जायचे, पुढच्या रुग्णाकडे उशीर व्हायचा. तिसऱ्या महिन्यात तिने हात जोडले. दुसरे कोणी मिळेपर्यंत पाच आठवडे गेले, आणि यजमानांच्या हाताची जी बोटे हलायला लागली होती ती पुन्हा आखडली. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. पण फाटकाच्या आत स्कूटीपुरती जागा असती तर ती मुलगी आजही येत असती.

आता नियमांविषयी. आपल्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, १४ आणि उघड्यावर १२ अशा २६ जागा आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, एका सदस्याला एक जागा, आणि मागणारे जास्त असतील तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप. सगळ्या अर्जदारांना देऊन जागा उरल्या तरच कोणाला दुसरी जागा मिळू शकते, तीही वर्षापुरती. आपल्याकडे तीन सदस्यांकडे दोन-दोन जागा आहेत. त्यातली एक जागा आधी आमची होती. जानेवारीत गाडी विकली तेव्हा मी क्रमांक ९ ची जागा लेखी परत केली आणि ती पाहुण्यांसाठी ठेवावी असे सुचवले. ती एका सदस्याच्या दुसऱ्या गाडीला दिली गेली. त्या कुटुंबाविषयी माझ्या मनात काडीचाही राग नाही. यजमानांना झटका आला त्या रात्री त्यांच्याच गाडीतून आम्ही रुग्णालय गाठले. पण दुसऱ्या गाडीची सोय आधी आणि ४८ घरांच्या पाहुण्यांची नंतर, हा क्रम मला पटत नाही.

मागच्या सभेत एक सदस्य म्हणाले होते की त्यांनी स्टिल्टमधली जागा बिल्डरकडून विकत घेतली आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की उघडी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सामाईक आहे. त्यांची गाडी हलवा असे माझे म्हणणे नाही. वाटप कसे करायचे हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे आहे, एवढेच मला नोंदवायचे आहे.

माझी विनंती अशी. फाटकाला लागून असलेली क्रमांक १ ची जागा आणि क्रमांक ९, या दोन पाहुण्यांसाठी राखून ठेवाव्यात. क्रमांक १ चे वाटप मार्चअखेर संपते. तोवर निदान ९ तरी मोकळी व्हावी. जिन्याखालच्या कोपऱ्यात दोन दुचाकी मावतील, तिथे बंद पडलेल्या सायकली आहेत, त्या हलवाव्यात. पाहुण्याने वॉचमनकडून पास घेऊन काचेत ठेवावा, नोंदवहीत घर क्रमांक, गाडीचा नंबर आणि मोबाइल लिहावा. मर्यादा चार तासांची. रात्री मुक्काम असेल तर सचिवांना आदल्या दिवशी कळवावे. त्यासाठी थोडे शुल्क ठेवले तरी चालेल, पण दोन तास आजारी माणसाला भेटायला आलेल्याकडून पैसे घेऊ नयेत, हे मी कळकळीने सांगते.

गैरफायदा घेतला जाईल हे मलाही कळते. घोडबंदरला राहणारा मुलगा रोजची गाडी ‘पाहुणा’ म्हणून इथे ठेवील. म्हणून एका घराला महिन्यातून चार पासांची मर्यादा घालावी, आणि त्यातून डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना वगळावे. शिवाय जे सदस्य दहा ते सहा कामावर असतात त्यांच्यापैकी ज्यांची आपली रिकामी जागा तेवढा वेळ पाहुण्यांना द्यायला हरकत नसेल त्यांनी आपली नावे वॉचमनकडे देऊन ठेवावीत. मी सात जणांशी बोलले, पाच जण लगेच हो म्हणाले.

मधल्या वाटेवर मात्र कोणाचीच गाडी नको, पाहुण्यांचीही नको. मार्चमध्ये सी विंगमधल्या काकांना स्ट्रेचरवरून फाटकापर्यंत न्यावे लागले, कारण रुग्णवाहिकेला वळायला जागा नव्हती. उद्या अग्निशमन दलाचा बंब यायची वेळ आली तर काय करणार? सध्याची पाटी त्या प्रसंगानंतर लागली, हे मला माहीत आहे, आणि तिच्यामागची काळजी खरी होती. पण वाट अडवणाऱ्या तिन्ही गाड्या सदस्यांच्याच होत्या.

पुनर्विकास होईल तेव्हा बघू, असे कोणी म्हणेल. पुनर्विकासाची चर्चा सहा वर्षे चालू आहे. वन्संना तितकी वाट बघायला सांगता येणार नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते, म्हणून हे पत्र आजच देत आहे. हा विषय कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा. २० ऑक्टोबरला दिवाळी पहाट आहे, त्या सकाळी राम मारुती रोड आणि तलावपाळीला गाडी नेण्याचा प्रश्नच नाही. २३ ऑक्टोबरला भाऊबीज. वन्सं दर वर्षी भावाला ओवाळायला येतात. त्यांना फोन करून “गाडी आत लागेल” असे त्याआधी सांगता यावे, एवढी इच्छा आहे.

सोबत २९ सदस्यांच्या सह्यांचा कागद जोडला आहे.

आपली विश्वासू,
सदनिका ब-२०३