वास पोटातला नव्हे, जिभेवरचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत तोंडाच्या दुर्गंधीवर एका वाचकाला ‘पोट साफ ठेवा’ असं उत्तर दिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. याच समजुतीपायी आमचे अप्पा अकरा वर्षं रोज रात्री त्रिफळा घेत होते. पोट साफ व्हायचं, वास तसाच. बोलताना तोंडाशी रुमाल धरायचे. पुढे पुढे लग्नकार्याला जाणंच त्यांनी सोडलं.

शेवटी हलणाऱ्या दाढेसाठी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चमच्याच्या कडेने अप्पांच्या जिभेचा पार मागचा भाग हलकेच खरवडला. पिवळट, चिकट थर निघाला. जरा वेळाने तो चमचा त्यांनी माझ्यापुढे धरला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेत वायू बनवायच्या किप्स ॲपरेटसमधून येणारा सडक्या अंड्याचा हा वास मी ओळखणार नाही तर कोण? हायड्रोजन सल्फाइड! आणि घरात इतकी वर्षं तो असताना मला जीभ बघायचं सुचू नये, याचं अजून वाईट वाटतं.

जिभेवरच्या बारीक उंचवट्यांच्या खाचांत मेलेल्या पेशी, अन्नकण, नाकामागून उतरणारा कफ साचतो. त्या थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जिवाणू प्रथिनं फोडतात आणि गंधक असलेल्या अमिनो आम्लांपासून वायू तयार होतात: सिस्टीनपासून हायड्रोजन सल्फाइड, मिथिओनीनपासून मिथाइल मरकॅप्टन. सिलिंडर गळला तर कळावं म्हणून गॅसमध्ये जे इथाइल मरकॅप्टन मिसळतात, त्याचं हे सख्खं भावंड. कॅनडातले संशोधक जोसेफ टोन्झेटिच यांनी १९७१ मध्येच तोंडातल्या हवेतले हे वायू मोजून दाखवले होते. दुर्गंधीचं मूळ बहुतेकांच्या तोंडातच असतं, जिभेवर किंवा हिरड्यांत. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर वगळली तर पोटातली हवा वर येतच नाही.

लाळ आटली की हे सगळं वाढतं. म्हणून सकाळी उठल्यावर वास, निर्जळी उपासाला वास. तोंड कोरडं पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी तेच.

जीभ घासायची पट्टी आपल्याला नवी नाही, चरकसंहितेतही ती सांगितली आहे. पण उमासे येतात म्हणून आपण पुढची जीभ घासून थांबतो आणि खरा थर मागे तसाच राहतो. अप्पांच्या हिरड्यांवर उपचार झाले, रोज हलक्या हाताने मागपर्यंत जीभ साफ करणं सुरू झालं आणि तीन आठवड्यांत रुमाल खिशात गेला. एवढं करूनही वास राहिला, तर टॉन्सिल, सायनस, मधुमेह तपासून घ्यायला हवेत.

स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, नाक सरावतं. आणि घरचे संकोचाने गप्प बसतात. आम्हीही बसलो. म्हणून विनंती, की पुरवणीत या विषयावर एखाद्या दंतवैद्याचा सविस्तर लेख छापावा आणि त्या वाचकाला आधी जीभ व हिरड्या दाखवून घ्यायला सांगावं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा