संस्कारांचं खापर दर वेळी आईवरच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बरेच दिवस तुमच्या वाचकांच्या पत्रांत तोच सूर ऐकू येतोय, की आजकालच्या मुलांवर संस्कारच नाहीत, आईबाप दोघं ऑफिसला, पोरं मोबाईलवर, लिफ्टमध्ये म्हातारं माणूस शिरलं तरी बाजूला सरकत नाहीत वगैरे, आणि शेवटच्या दोन ओळींत खापर आईच्या डोक्यावर. मी परळला राहते, ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवलं नाही. पत्र मोठं झालं तर कापा, पण क्रिकेटचा भाग तेवढा ठेवा.

टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने 1871 साली केलेली संस्कृतीची व्याख्या आम्ही अजूनही सुरुवातीलाच शिकवतो. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रीतीभाती आणि समाजात राहून माणूस जे जे उचलतो ते सगळं त्यात येतं. समाजात राहून, हे महत्त्वाचं. पेपरात मुलं मात्र संस्कृती म्हटलं की नऊवारी आणि गॅदरिंगची लावणी लिहून येतात, त्यांना तरी काय बोलणार. शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, चप्पल कुठे काढायची, कोणी गेलं तर भेटायला जाऊन काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, ही संस्कृतीच आहे आणि याचा क्लास कोणी लावत नाही.

आता क्रिकेट. चाळीत दोन बिल्डिंगच्या मधल्या पट्ट्यात पोरं खेळायची तेव्हा चार-पाच वर्षांचं पोर लिंबूटिंबू असायचं. त्याला बॅटिंग मिळणार, बॉल खालून आणि हळू टाकणार, आउट झाला तरी आउट नाही, त्याचे रन धरायचे नाहीत, पण आपण खेळतोय असं त्याला वाटलं पाहिजे, आणि एवढी काळजी कोण घ्यायचं तर दहा-बारा वर्षांची दांडगट पोरं, जी घरी साधा पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नसत. मग कधीतरी तोच भांडायला उठायचा, मी आता लिंबूटिंबू नाही, मला नीट घ्या. नीट घेतलं की पहिल्याच बॉलला दांडी, रडत घरी, दुसऱ्या दिवशी परत हजर. जॉर्ज हर्बर्ट मीड म्हणून शिकागोला शिकवायचा, 1931 ला वारला, मग त्याच्या लेक्चरच्या नोट्स जमवून 1934 साली पुस्तक निघालं, त्यात हेच आहे. मूल आधी एकेकाचं सोंग घेऊन बघतं, कधी आई, कधी पोलीस, आणि नंतर नियमांचा खेळ खेळायला लागलं की त्याला सगळ्यांच्या जागा एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात, बॉलर काय करेल, कीपर कुठे उभा आहे, आणि हे सगळे माझ्याकडून काय अपेक्षा धरून आहेत. स्वतःकडे दुसऱ्यांच्या नजरेने बघणं माणूस इथे शिकतो. तो अमेरिकन, त्याने उदाहरण बेसबॉलचं दिलं, गिरणगावात असता तर एक टप्पा आउटचं दिलं असतं. काच फुटली की वर्गणी सगळ्यांची, पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे बॉल गेला की ज्याच्यावर त्या कमी ओरडतात त्याने आणायचा, हा सगळा कायदा पोरांनी पोरांसाठी केलेला, यात कुठल्या आईचा हात होता सांगा.

चाळीचं गुणगान करायला बसलेले नाही हां मी. संडासची लाइन, नळावरची भांडणं, आणि कोणाची मुलगी किती वाजता घरी आली याची नोंद अख्ख्या मजल्याकडे. त्याच क्रिकेटमध्ये मुलींना सातवी-आठवीपर्यंत घ्यायचे आणि मग एक दिवस वरून हाक यायची, पुरे आता, वर ये. हेही सामाजीकरणच, म्हणजे समाजात कसं वागायचं ते अंगवळणी पाडणं. हाक मारायची आईच, पण अख्खा मजला बघत असायचा म्हणून मारायची, हे पत्रं लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता चाळी पडतायत आणि पडल्याच पाहिजेत. बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, 160 चौरस फुटांत लोकांच्या पिढ्या गेल्या, त्यांना 500 चौरस फुटांचं घर मिळतंय, वरळीत 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या, छानच झालं. पण ऑगबर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1922 मध्येच लिहून ठेवलंय की वस्तू झपाट्याने बदलतात आणि रीतीभाती मागून धापा टाकत येतात. आमच्या आसपासच्या टॉवरमध्ये तेच चाललंय. लिफ्ट पहिल्या दिवसापासून आहे, पण दार सताड उघडं टाकून पॅसेजमध्ये खुर्ची मांडायची सवय कुठे जाणार, मग कमिटीचा मेसेज येतो, खुर्ची टाकू नये, चपलांचा रॅक बाहेर दिसल्यास दंड. साठी-सत्तरीची माणसं राहायचं कसं हे पुन्हा पहिल्यापासून शिकतायत, आणि शिकवतोय कोण, तर नातू.

आणि त्या नातवाला काय? एका टॉवरच्या पोडियमवर गार्डन बघितलं, प्लास्टिकची हिरवळ, मोठ्यांसाठी चालायचा ट्रॅक, आणि बोर्ड: बॉल खेळण्यास सक्त मनाई, सायकल मनाई, सातनंतर आरडाओरडा मनाई. पोरं मोबाईलवर नाही जाणार तर जाणार कुठे? वेगवेगळ्या वयाची पोरं एकत्र यायची जागाच ठेवली नाही, मग लहान-मोठ्याला सांभाळून घेणं त्यांनी शिकायचं कुठून, घरात तर बहुतेक एकुलता एक.

गंमत म्हणजे मुंबई विद्यापीठात 1919 ला समाजशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा पहिले प्रोफेसर पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्राचे आणि नाव झालं ते नगररचनेत, आपल्याकडच्या कितीतरी शहरांची पाहणी करून रिपोर्ट लिहिले त्यांनी. ज्यांचं नाव सगळे घेतात ते समाजशास्त्रज्ञ घुर्ये नंतर आले. म्हणजे या शहरात समाजशास्त्र शिकवायला सुरुवात केली ती शहरं आखणाऱ्या माणसाने, आणि आज रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला आर्किटेक्ट येतो, पीएमसी म्हणजे प्रकल्पाचा सल्लागार येतो, वकील येतो, कार्पेट, कॉर्पस म्हणजे बिल्डरने द्यायचा निधी, भाडं, पार्किंग यावर घसा कोरडा होईपर्यंत चर्चा होते, आणि पोरं कुठे खेळणार असं मी विचारलं तर अख्खा हॉल हसला.

माझं म्हणणं एवढंच की ॲग्रीमेंट सही करायच्या आधी सोसायट्यांनी हे लिहून घ्यावं, बॉल खेळता येईल अशी मोकळी जागा, जाळी लावून, आणि कमिटीला नंतर तिथे बोर्ड लावता येणार नाही अशी अट. बिल्डरला पार्किंगसाठी नमवता येतं तर यासाठीही येईल. तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या सोसायटीने असा क्लॉज घालून घेतला असेल तर तो जसाच्या तसा छापा, आमची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.

आपली,
एक वाचक, परळ