सोन्याचा लाल रंग आणि रोगनिदान

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. 2024 चे नॅनोविज्ञानाचे कावली पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले, त्यांपैकी प्रा. चॅड मर्किन यांच्या कामाविषयी मराठीत फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 1991 पासून अध्यापन करणाऱ्या मर्किन यांनी 1996 मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना डीएनएचे छोटे धागे जोडून दाखवले. कण सुटे तरंगत असतात तेव्हा द्रावण लाल दिसते. त्या धाग्यांशी जुळणारा डीएनए मिसळला की तो कणांना एकमेकांशी बांधतो आणि रंग जांभळट होतो. 2003 मध्ये त्यांच्या गटाने अशाच कणांच्या साहाय्याने पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाशी निगडित पीएसए हे प्रथिन अत्यल्प प्रमाणातही ओळखून दाखवले. याच संशोधनातून उभ्या राहिलेल्या व्हेरिजीन यंत्रणेला 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची पहिली मान्यता मिळाली. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, जंतू वाढल्याचे दिसले, की तो कोणता हे आता ती सुमारे अडीच तासांत सांगते.

या अडीच तासांचे मोल मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला होता, तेव्हा कल्चर पॉझिटिव्ह आल्यावरही जंतूचे नाव कळायला आणखी दोन दिवस गेले आणि तोवर प्रतिजैविके अंदाजानेच चालू होती. त्यात कोणाची हयगय नव्हती. पद्धतच तेवढा वेळ घेणारी होती.

हे रसायनशास्त्र आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. गोल्ड क्लोराइडचे फिकट पिवळे द्रावण उकळत ठेवून त्यात सोडिअम सायट्रेट घातले, की ते आधी काळपट निळसर होते आणि बघता बघता कोकमाच्या सरबतासारखे लाल होते; मिठाचे पाणी घातले की पुन्हा निळे पडते. आशाताई तापाच्या रुग्णाच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन मलेरियाची जी पट्टी वापरतात, तिच्यावर उमटणारी लाल रेघही बहुतेक वेळा सोन्याच्या कणांचीच असते. पदवीच्या वर्गाला मी ती पट्टी दाखवत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येत.

जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयांत हा प्रयोग होत नाही, त्यांनी तो यंदाच्या प्रात्यक्षिकांत घ्यावा आणि सोबत आरोग्य केंद्रातील पट्टीही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गोल्ड क्लोराइड महाग असले तरी एका तुकडीला ते अगदी थोडे लागते. पहिल्या वेळी प्रयोग करून दाखवायला मी स्वतः येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा