त्वचेचा कर्करोग आणि आरएनएचे मेथिलेशन

महोदय,

त्वचेच्या कर्करोगावरील लेखांत अतिनील किरणांमुळे डीएनएला इजा होते, एवढे सांगून विषय बहुधा संपवला जातो. हे खरेच आहे. परंतु अशी इजा पेशीत रोजच होते आणि रोजच दुरुस्तही होते. मग ही दुरुस्ती कधीतरी कमी का पडते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग आरएनएच्या मेथिलेशनमध्ये, म्हणजे आरएनएवर मिथाइल गटाची रासायनिक खूण बसण्यात, सापडतो.

प्रथिन बनवण्याचा डीएनएतील संदेश वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएतील ॲडेनोसिन या घटकावर बसणारी मिथाइल गटाची ‘एम-६-ए’ ही खूण १९७४ पासून ज्ञात असली, तरी ती पुसताही येते हे २०११ मध्ये एफटीओ या खूण पुसणाऱ्या प्रथिनाच्या अभ्यासातून दिसले आणि त्यानंतरच या संशोधनाला वेग आला. एमईटीटीएल-३ आणि एमईटीटीएल-१४ ही प्रथिने जोडीने ही खूण उमटवतात, तर वायटीएचडीएफ-२ सारखी प्रथिने ती ओळखून त्या संदेशाचा नाश घडवून आणतात.

अतिनील-बी किरणांमुळे त्वचेच्या पेशींतील एमईटीटीएल-१४ चे प्रमाण घटते. डीएनएतील इजा हुडकून काढणाऱ्या डीडीबी-२ या प्रथिनाचा संदेश नीट वाचला जाण्यासाठी नेमकी हीच खूण लागते. ती उमटली नाही तर डीडीबी-२ कमी तयार होते आणि दुरुस्ती रेंगाळते. म्हणजे जे किरण इजा करतात, तेच दुरुस्तीची यंत्रणाही दुबळी करतात. उन्हाच्या दुष्परिणामांबद्दल सांगताना ही गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

मेलानोमात, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगात, एफटीओचे प्रमाण वाढलेले आढळते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एफटीओ कमी केल्यावर गाठीला मदत करणाऱ्या पीडी-१, सीएक्ससीआर-४ आणि सॉक्स-१० या प्रथिनांच्या संदेशांवरील खूण वाढली, ते लवकर नष्ट होऊ लागले आणि उंदरांतील गाठी पीडी-१ रोधक उपचाराला (जो शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध मोकळे करतो) अधिक प्रतिसाद देऊ लागल्या. या दोन्ही उदाहरणांत खूण रुग्णाच्या बाजूने उभी आहे. मात्र त्वचेच्याच स्क्वेमस (वरच्या थरातील चपट्या) पेशींच्या कर्करोगात खूण उमटवणारे एमईटीटीएल-३ वाढलेले असते आणि गाठीच्या वाढीस हातभार लावते. तेव्हा ‘मेथिलेशन चांगले की वाईट’ असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या संदेशावर आणि ती खूण वाचणारे प्रथिन कोणते, यावर सारे अवलंबून आहे.

एमईटीटीएल-३ रोखणाऱ्या औषधाच्या मानवी चाचण्या आता सुरू झाल्या असल्याने ‘कर्करोगावर नवा उपाय’ अशा मथळ्यांचा मोह वाढेल. उपचाराच्या आशेवर असलेली कुटुंबे असे मथळे फार जिवापाड वाचतात. म्हणून अशी बातमी देताना संशोधन पेशींवर झाले, उंदरांवर की रुग्णांवर, आणि ते त्वचेच्या कोणत्या कर्करोगाविषयी आहे, हे पहिल्याच परिच्छेदात नोंदवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक